शेवटच्या नळावरचा सेन्सर
(ग्रामपंचायत सदस्य आणि जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणारे कर्मचारी, यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते देशभर गाजलं. आजही मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की टँकरच्या फेऱ्या, जायकवाडीतला साठा, नळाला कितव्या दिवशी पाणी सुटणार, एवढंच आपण बोलतो. पाणी किती, हे तोंडपाठ. कसं आहे, हे दवाखान्यात गर्दी झाल्यावर कळतं.

आता पाण्याच्या टाकीवर सेन्सर बसवून द्यायला लोक येतात. बसवायला माझी ना नाही. पण काय मोजायचं आणि कुठं, हे आपण ठरवायचं.

बहुतेकजण आधी टीडीएस दाखवतात. त्याचं वेड जारच्या पाण्यानं लावलंय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि मीटर तेही थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते हे बघून अंदाज सांगतो. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी विहिरीत उतरलं की क्षार उलट कमी होतात. आकडा झकास, आणि पाणी जुलाबाचं!

फ्लोराइडचं वेगळं. नांदेड, बीडकडच्या काही बोअरमध्ये ते आहे, मुलांचे दात पिवळे पडतात. पण ते तासातासाला बदलत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवा, भागलं. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम.

जे तासाभरात बदलतं, त्यावरच चोवीस तास नजर हवी. गावच्या नळयोजनेत अशा दोन गोष्टी: क्लोरीन आणि गढूळपणा. जंतू थेट मोजणारा स्वस्त सेन्सर मिळत नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, तपासायला प्रयोगशाळेतही जवळपास एक दिवस जातो. म्हणून जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात उरलंय का, ते आपण बघतो. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. जलसुरक्षक ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळसर होतं, ते यासाठीच. गढूळपणाचा सेन्सर पाण्यात प्रकाश सोडतो आणि काटकोनात किती विखुरला ते बघतो. एनटीयू हे गढूळपणाचं माप; एक एनटीयू चांगला, पर्याय नसेल तर पाचपर्यंत.

आता कुठं बसवायचा? टाकीवर नको. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडलेलीच असते, तिथं आकडा चांगलाच दिसणार. आपल्याकडं पाणी रोज येत नाही. मधल्या दिवसांत पाइप रिकामे असतात, आत दाब नसतो, आणि जिथं लाइन गटाराला लागून गेलीय, तिथं फटीतून घाण आत ओढली जाते. वॉल्व्ह उघडला की ती सगळी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत शेवटच्या नळांवर येते. म्हणून सेन्सर गावाच्या टोकाला. आणि पाणी सुटल्यावर दर मिनिटाला मोजणारा. तासाला एकदा मोजणाऱ्याला ती घाण दिसणारच नाही.

अडचण अशी की पाइप कोरडा पडला की प्रोब, म्हणजे सेन्सरचं पाण्यात बुडणारं टोक, तोही कोरडा पडतो. पीएचच्या, म्हणजे पाण्याचा आम्लपणा मोजणाऱ्या, प्रोबची काच सुकली की तो भलतेच आकडे दाखवतो. क्लोरीनच्या प्रोबचंही तेच. त्यामुळं पाइपात सरळ प्रोब खुपसू नका. बाजूला छोटं भांडं काढा, पाणी गेलं तरी त्यात थोडं उरेल असं. निविदा काढणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याच्या शहरात पाइप भरलेला असतो.

पुढचा प्रश्न प्रोब पुसणार कोण? काचेवर शेवाळ आणि क्षारांचा थर चढतो. पंधरवड्याला मऊ ब्रशनं पुसायचा, पीएच असेल तर चार आणि सात पीएचच्या बफर द्रावणात, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवून जुळवून घ्यायचा, आणि क्लोरीनचा आकडा ओटीच्या रंगाशी ताडून बघायचा. दोन्ही जुळत नसतील तर आधी प्रोबवर संशय घ्या. सेन्सर आला म्हणून ओटी टेस्ट बंद करणारं गाव दिसलं, तर मला तिथल्या सेन्सरचीच काळजी वाटेल.

वीज जाते, म्हणून छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी. सिम कार्डला रेंज नसेल तर लोरा हा रेडिओ चालतो, कमी विजेत दूर संदेश पाठवतो.

आणि क्लोरीन शून्यावर आलं की संदेश थेट वॉल्व्हमन आणि जलसुरक्षकाच्या मोबाइलवर गेला पाहिजे. पंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर रात्री लाल दिवा लागून कुणाला दिसणार? वॉल्व्हमननं त्या गल्लीला सांगायचं, पहिलं पाणी पिण्याला भरू नका. दुसऱ्या दिवशी पाइपचा जोड तपासायचा. करारात तीन वर्षांचे बदली प्रोब आणि बफर द्रावणाचा खर्च लिहून घ्या. तो नसेल तर सही करू नका.