माणशी किती लिटर? मुंबई ते गोवा

(दृश्य : कोलाड स्टेशन. सपाट वाघिणींवर ओळीने चढवलेले ट्रक.)

रायगड जिल्ह्यातलं कोलाड. मालाने भरलेले हे ट्रक आज स्वतःच प्रवासी झालेत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून आडवा. एकही चाक न फिरवता ट्रक गोव्यातल्या वेर्ण्याला पोचणार. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. डिझेल, टायर आणि घाटातली झीज धरली, तर रेल्वेला भाडं देणं परवडतं, हे ट्रकमालकाला कुणी शिकवावं लागलं नाही.

हाच हिशेब माणसांना लावून बघू.

(दृश्य : मुंबई विमानतळ. धावपट्टीवर वेग घेणारं विमान.)

मुंबई ते गोवा, विमानाने साधारण सव्वाचारशे किलोमीटर. १८० सीटचं विमान एवढ्यासाठी ढोबळमानाने ३००० लिटर इंधन जाळतं. विमान भरलेलं असेल, तर माणशी १६-१७ लिटर.

आता कार. रस्त्याने अंतर जवळपास ६०० किलोमीटर. पंधराचं ॲव्हरेज धरलं, तर ४० लिटर पेट्रोल. चौघं बसलात, तर प्रत्येकी १०. एकटेच निघालात, तर चाळीसच्या चाळीस तुमच्या नावावर, विमानातल्या माणसाच्या दुपटीहून जास्त! विमानाला नावं ठेवत एकट्याने एसयूव्ही हाकणाऱ्यांनी हा आकडा जरा डोळ्यांखालून घालावा.

स्लीपर बस? १५० लिटर डिझेल, ३६ प्रवासी. माणशी चार लिटरांच्या आसपास.

(दृश्य : रात्रीची गाडी. खिडक्यांची पिवळी रांग.)

आणि रेल्वे. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, त्यामुळे इथे लिटर नाही, युनिट मोजायचे. बावीस डब्यांची भरलेली गाडी धरली, तर माणशी साधारण १० युनिट. म्हणजे जेमतेम एक लिटर डिझेलमधली ऊर्जा. पण रेल्वेला फुकटचं श्रेय नको. औष्णिक केंद्रात कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा वीज होण्याआधीच उष्णता बनून निघून जाते. तीही रेल्वेच्या खात्यात टाकली, तर हिशेब तीन लिटरांवर येतो. तरी विमानाच्या पाचव्या हिश्शात.

तेही सरासरी. एसी थ्री-टियरच्या डब्यात ७२ बर्थ, फर्स्ट एसीच्या डब्यात २४. डबा ओढायला लागणारी ताकद जवळपास तीच. वाटेकरी मात्र एक तृतीयांश.

(दृश्य : ढगांतून वर जाणारं विमान.)

विमानाला पुढे जायचं असतं, शिवाय स्वतःचं वजन सतत उचलून धरायचं असतं. दहा-अकरा किलोमीटरवर हवा विरळ असते, अडथळा घटतो. लांबच्या उड्डाणाला त्याचा चांगला फायदा मिळतो. मुंबई-गोव्याच्या नशिबी तो फारसा नाही. सगळ्यात जास्त इंधन चढताना जातं, आणि चढून जरा स्थिरावतंय तोच उतरण्याची घोषणा होते. चहा अर्धाच राहतो.

(दृश्य : चाक आणि रूळ, अगदी जवळून.)

रुळावर पोलादाखाली पोलाद. टायर रस्त्यावर दबतो, पसरतो, तापतो. त्या दबण्यात ऊर्जा जाते. पोलादी चाकाचा हा अडथळा ढोबळमानाने टायरच्या दहाव्या हिश्शाइतका. त्यात कोकण रेल्वेने चढच टाळले: ९१ बोगदे पोखरून मार्ग असा आखला, की दीडशे मीटर पुढे गेल्यावर फार तर एक मीटर वर चढायचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी!

(दृश्य : रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा. इंजिनाचा दिवा जवळ येतो.)

साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा. पुढे कुठे उतार लागला, की इंजिनाच्या मोटरी उलट्या कामाला लागतात. गाडीचा वेग आवरता आवरता वीज तयार करतात आणि वरच्या तारेत सोडतात. त्याच तारेवर जवळपास दुसरी गाडी चढत असेल, तर तिला ती वीज मिळते.