ताशी 45: पॅरिस ते व्हर्साय

[दृश्य: पॅरिसचं 13 वं आरोंदिस्मां, म्हणजे शहराचा 13 वा प्रभाग. इमारतीच्या तळघरातली पार्किंगची जागा. भिंतीवरच्या प्लगला लावलेली वायर.]

शेजारच्या बाईंनी प्लग काढला, वायर गुंडाळून उजव्या दाराच्या कोनाड्यात खोचली आणि म्हणाल्या, "बसा. कॅमेरा मात्र मांडीवर घ्यावा लागेल, मागे जागा नाही."

बाई 75 वर्षांच्या आहेत. त्यांनी उभ्या जन्मात मोटारीचं लायसन्स काढलं नाही. गाडी नवरा चालवायचा. तो गेला, गाडी विकली. मग बस आणि मेट्रो. व्हर्सायला धाकटी बहीण राहते, तिच्याकडे दर आठवड्याला जायचं. पण मेट्रोचे जिने गुडघ्यांना झेपेनात. शेवटी बाईंनी ही दोन माणसांची विजेची गाडी घेतली. सिट्रोएन अमी. लांबी 2.41 मीटर, बॅटरीसकट वजन पाचशे किलोच्या आत.

फ्रान्समध्ये हिला 'वॉत्यूर सां पेर्मी' म्हणतात, म्हणजे बिनलायसन्सची गाडी. युरोपच्या नियमांत ही मोटारच नाही, हलकं चारचाकी वाहन आहे. वेग ताशी 45 किलोमीटरपर्यंत, ताकद 6 किलोवॅटपर्यंत, आसनं दोन. 1988 च्या आधी जन्मलेल्या माणसाला ती चालवायला कुठलाच परवाना लागत नाही. त्यानंतर जन्मलेल्यांना नेहमीचं लायसन्स नसेल, तर आठ तासांचं प्रशिक्षण आणि 'एएम' नावाचा छोटा परवाना पुरतो. विमा मात्र सगळ्यांना सक्तीचा.

[दृश्य: गाडी उतार चढून रस्त्यावर येते. रू द ताल्बियाक.]

ड्रायव्हरचं दार उलट्या बाजूनं उघडतं. पुढची कड सुटते, बिजागरी मागे. कारण डावं आणि उजवं दार एकाच साच्यातून काढलेलं आहे. पुढचा आणि मागचा बंपरही एकच. खिडकीची काच वर-खाली सरकत नाही, अर्धी काच हातानं वर दुमडायची. एसी नाही, डिकी नाही. अशी काटकसर केली म्हणून 2020 मध्ये ही गाडी 6,000 युरोंच्या घरात आली. फ्रान्समध्ये साधं लायसन्स काढायलाच हजार-दीड हजार युरो सहज जातात, आणि नापास झालात तर पुढच्या परीक्षेसाठी थांबा.

रू द ताल्बियाक, मग आलेझिया, मग काँव्हाँसियाँ. रस्त्याचं नाव बदलत जातं, पण दिशा एकच, पश्चिमेची. मी बाईंच्या हातांकडे बघतोय. स्टिअरिंग घट्ट धरलेलं नाही. सिग्नलला आमच्या शेजारी एक भली मोठी जर्मन गाडी उभी राहते. हिरवा दिवा लागतो, ती पुढे निघते, आणि पुढच्या सिग्नलला आम्ही पुन्हा शेजारी शेजारी.

30 ऑगस्ट 2021 पासून पॅरिसच्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 30 आहे. मला या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. तीसच्या शहरात पंचेचाळीसची गाडी कुणाच्या मागे पडत नाही. कुणी हॉर्न देत नाही, कुणी घासून पुढे जात नाही. इथे बाई इतर कुठल्याही चालकाइतक्याच चालक आहेत.

[दृश्य: मिराबो पूल, खाली सेन नदी. मग अव्हन्यू द व्हर्साय.]

शाळा सुटण्याची वेळ झालीय. एका लिसेसमोर, म्हणजे वरच्या वर्गांच्या शाळेसमोर, अशाच गाड्यांची रांग. चालवणारी मुलं चौदा-पंधरा वर्षांची. 2014 मध्ये फ्रान्सनं या गाड्यांसाठी किमान वय 16 वरून 14 वर आणलं. सुखवस्तू भागांतले आईबाप म्हणतात, स्कूटरपेक्षा हे बरं. डोक्यावर छप्पर आहे, पट्टा आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही काळजी वाटते. आठ तासांचं प्रशिक्षण, आणि अमीत एअरबॅग नाही. मोटारींना ज्या धडक-चाचण्या बंधनकारक असतात, त्या या वर्गाला नाहीत. युरो एनकॅप या संस्थेनं 2014 आणि 2016 मध्ये थोड्या जड वर्गातल्या चारचाक्या आपणहून तपासल्या. 2016 च्या तुकडीत आपल्या मराठवाड्यातल्या वाळूजला बनलेली बजाजची क्यूटही होती. तिला पाचपैकी एक तारा मिळाला. हलकेपणाची किंमत कुठेतरी मोजावी लागते, ती वाळूजच्या गाडीला चुकली नाही आणि युरोपातल्या गाड्यांनाही नाही. (भारतात क्यूट चालवायला लायसन्स लागतंच.)

पोर्त द सँ-क्लू. शहराची वेस. इथे पेरिफेरिक आहे, पॅरिसला वेढणारा 35 किलोमीटरचा रिंगरोड. त्यावर आता मर्यादा ताशी 50 आहे, म्हणजे आमच्यापेक्षा फक्त पाच जास्त. तरी आम्हाला तिथे बंदी. बंदी वेगाच्या आकड्यावर नाही, रस्त्याच्या जातीवर आहे.

[दृश्य: बुलोन्य-बियाँकूर. समोर सेव्ह्रचा पूल. निळ्या चौकोनात पांढऱ्या मोटारीची पाटी.]

ही पाटी नीट बघून ठेवा. निळा चौकोन, त्यात समोरून दिसणारी पांढरी मोटार. याचा अर्थ: पुढे पादचारी, सायकल, मोपेड, ट्रॅक्टर आणि आम्ही, कुणीच जायचं नाही. सेव्ह्रच्या पुलापाशी एन-118 हा द्रुतमार्ग फुटतो. एक लेन चुकली की सरळ त्यावर.

बाईंची एकदा चुकली होती. फोनवरच्या नकाशात 'महामार्ग टाळा' निवडलेलं होतं, पण त्या ॲपच्या लेखी हा महामार्ग नव्हताच. पुढचा बाहेर पडायचा रस्ता येईपर्यंत मागे ट्रक. "हॅझर्ड लावले आणि उजवीकडे चिकटून राहिले," बाई सांगतात. "घरी आल्यावर हात थरथरत होते. दोन आठवडे गाडी बाहेर काढली नाही." आता त्यांच्याकडे नकाशाचा छापलेला कागद आहे, त्यावर लाल पेनानं आखलेला रस्ता. पुलावर त्या बोलत नाहीत. मीही गप्प बसतो.

डावीकडे सेगँ बेट दिसतं. 1992 पर्यंत तिथे रेनोचा प्रचंड कारखाना होता. मोटार सामान्य माणसाच्या दारात आणणाऱ्या गाड्या तिथून निघाल्या, आणि मग मोटारीसाठी रस्ते रुंद झाले, दुकानं गावाबाहेर गेली, गावातल्या बस कमी झाल्या. ज्याच्याकडे लायसन्स नाही, तो घरात अडकला. बिनलायसन्सच्या गाड्यांचं पहिलं गिऱ्हाईक हाच माणूस. फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ उतरवणाऱ्या गी लिजिए यांनी 1980 मध्ये व्हिशीजवळ अशा गाड्या बनवायला घेतल्या. 1983 मध्ये एक्स-ले-बँ इथे एक्साम कंपनी उभी राहिली. खेडोपाडी दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा आवाज करत जाणारी ती गाडी दिसली, की लोक म्हणायचे, दारू पिऊन लायसन्स घालवलं असणार. काहींचं तसं होतंही. पण त्या एका शिक्क्याखाली विधवा बायका, कधीच परीक्षा न दिलेले शेतमजूर, लिहिता-वाचता न येणारे, सगळे झाकले गेले. मला याचं वाईट वाटतं.

[दृश्य: सेव्ह्र, शाव्हील. चढाचा रस्ता.]

सेव्ह्रनंतर चढ लागतो आणि वेगाचा आकडा खाली येतो. मागे चार गाड्या. पहिला हॉर्न. बाई आरशात बघतात, जागा मिळताच उजवीकडे होतात, त्यांना जाऊ देतात. व्हर्सायच्याही पलीकडे, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर मर्यादा 80 आहे. तिथे मागून येणारा आमच्यापेक्षा ताशी पस्तीस किलोमीटरनं जास्त वेगात असेल. वळणापलीकडे अमी दिसली, तर ब्रेक दाबायला त्याला क्षणभरच मिळणार. बाई तिकडे जात नाहीत. गाडी तीच आहे, चालवणारी तीच. पण पॅरिसमध्ये जो रस्ता त्यांना सामावून घेतो, तो इथून पुढे घेत नाही.

[दृश्य: व्हर्साय. अव्हन्यू द पारी, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, दूर राजवाडा.]

वीसेक किलोमीटर, सव्वा तास. आगगाडीनं लवकर आलो असतो. निघताना पडद्यावर 68 किलोमीटरचा पल्ला दिसत होता, आता 43. परतीला पुरेल, पण थंडीत हीटर लावला की आकडा भराभर उतरतो.

तळमजल्याच्या एका खिडकीतून बहिणीचा हात बाहेर येतो. हातात एक्स्टेंशन बोर्ड.

"कॉफी आधी की प्लग?" ती विचारते.

"प्लग," बाई म्हणतात, आणि उलटं दार उघडून, आधी डावा पाय मग उजवा, सावकाश खाली उतरतात. "अंधाराच्या आत निघायचंय."