क्युसेक कळतं, मग प्रबंध का कळत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथं नदीची पातळी मोजतात. उत्तर फुटात येतं. 40 झालं की काठावरची घरं सामान माळ्यावर चढवायला लागतात, 45 ला धोक्याची पातळी. दुसरा प्रश्न कोयनेचा, "किती क्युसेक सोडलंय?" शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा हा शब्द बिनचूक वापरते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. 1 लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी खाली येतं; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा हिशेब इथं पारावर बसून होतो. त्यामुळे 'सामान्य माणसाला अवघड शब्द झेपत नाहीत' हे मला कधीच पटलं नाही.

मग प्रबंधातली भाषा का झेपत नाही?

2019 च्या महापुरानंतर माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहून आणलं होतं, 'पूरप्रवण क्षेत्रातील समुदायांच्या उपजीविका-साधनांचे विस्थापन झाल्याचे आढळते.' मी विचारलं, "अगं, म्हणजे नेमकं काय झालं?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या तीन म्हशी होत्या. एक दाव्यालाच बुडाली. दोन बाबांनी नंतर विकल्या, मागतील त्या भावात. वैरणच नव्हती."

बुडालेली म्हैस आणि विकलेली म्हैस, दोन्ही 'विस्थापन' या एकाच शब्दात गेल्या होत्या. एक पाण्यानं नेली. दुसऱ्या दोन वैरणीअभावी गेल्या, आणि वैरण वेळेवर पोचवणं माणसांच्या हातात होतं. अभ्यास करायचा तो नेमका याच फरकाचा, आणि तोच त्या भारदस्त शब्दानं पुसून टाकला. क्युसेक हा शब्द मोजून देतो, म्हणून तो आजीच्या तोंडी बसला.

दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेतल्या तत्त्वचिंतक ज्युडिथ बटलर यांच्या एका वाक्याला 1998 साली 'वाईट लेखना'चं बक्षीस जाहीर झालं, अर्थात हिणवण्यासाठी. पुढच्या वर्षी त्यांनी वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की रूढ समजुतींनाच प्रश्न विचारायचे असतील तर रूढ भाषा पुरी पडत नाही. हे मला मनापासून मान्य आहे. 'पितृसत्ता' हा शब्द आपल्याकडे नव्हता, तेव्हा घरोघरच्या बाईला आपला मार आपल्याच नशिबाचा वाटायचा. त्या एका शब्दानं शंभर घरांतलं दुःख एका ओळीत आणून उभं केलं. असा शब्द कितीही जड असो, तो शिकावा आणि शिकवावा.

त्या मुलीनं 'उपजीविका-साधने' हा शब्द ठेवला. म्हशी, शिलाई मशीन, किराण्याचं दुकान, सगळं एकत्र धरायला तो लागतोच. 'विस्थापन' मात्र तिनं खोडलं आणि तक्त्यात दोन रकाने आखले: 'पुरात गेलं' आणि 'पुरानंतर विकावं लागलं'. मग वही घेऊन ती पुन्हा गावात गेली, घरोघर विचारायला.