मार्ग तोच, कंपनी नवी

(दृश्य : जळगाव विमानतळ, सकाळ. एटीआर विमान धावपट्टीवरून वळून थांब्यावर येतं.)

हे एटीआर-७२. सत्तरच्या आसपास आसनं, डोक्यावरून गेलेले पंख, दोन्ही बाजूंना सहा-सहा पात्यांचे पंखे. आता डावीकडे बघा, इंजिन बंद झालं. उजवीकडचा पंखाही थांबला, पण आवाज थांबलेला नाही. मोठ्या जेट विमानाच्या शेपटीत वीज आणि गार हवा पुरवायला वेगळं छोटं इंजिन असतं. या विमानात ते नाही. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावतात आणि त्या पंख्यामागचं इंजिन तसंच चालू ठेवतात. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवासी मागच्या दाराने उतरतात आणि नवे त्याच दाराने चढतात. तेवढ्यात कॉकपिटमध्ये पुढच्या फेरीचं वजन, इंधन, हवामान यांची आकडेमोड चाललेली असते.

(दृश्य : टर्मिनलची इमारत. बाहेर रिक्षा, हार घेऊन उभे असलेले नातेवाईक.)

कुसुंब्याजवळ, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हा विमानतळ आहे. नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्‌घाटन २०१२ मध्ये झालं, जळगावच्याच लेकीच्या, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. नियमित विमानाची वाट मात्र २३ डिसेंबर २०१७ पर्यंत पाहावी लागली. त्या दिवशी छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं जेमतेम एकोणीस आसनांचं विमान मुंबई-जळगाव उडालं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, कंपनीने काम थांबवलं आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. मध्यंतरी २०१९ मध्ये ट्रूजेट आली होती. तिची उड्डाणं फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. मग २०२४ मध्ये फ्लाय ९१ गोवा, हैदराबाद आणि पुण्यासाठी आली, आणि मुंबईसाठी अलायन्स एअर.

प्रवाशाच्या लेखी हा सगळा हिशेब सोपा आहे: विमान बंद पडलं, दुसरं आलं. आपल्याकडच्या बातम्याही तिथेच संपतात. पण कंपनी बंद होते तेव्हा कॉकपिटमधली दोन माणसं कुठे जातात? त्यांच्या नोकरीच्या वर्षांचं काय होतं? ही फिल्म त्यांच्यासाठी आहे.

(दृश्य : धुळे, गोंदूर विमानतळ. छोटं सेसना विमान उतरतं, चाकं टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडतं.)

वैमानिक कसा घडतो ते आधी बघू. हे धुळ्याजवळचं गोंदूर. १९२८ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आता इथून चालतं. देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा त्याच क्लबात शिकले, १९२९ मध्ये.

टेकायचं आणि उडायचं, याला इथली मुलं ‘टच अँड गो’ म्हणतात. एका चकरीला पाच-सहा मिनिटं लागतात. सूर्य वर आला की काळी जमीन तापते, हवा उसळायला लागते आणि छोटं विमान पतंगासारखं हेलकावे खातं. म्हणून खानदेशच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ मिळावी यासाठी सगळ्यांची धडपड असते.

व्यावसायिक परवान्यासाठी असे २०० तास लागतात. शिवाय हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम यांचे पेपर, रेडिओचा परवाना आणि वैद्यकीय तपासणी. एवढं करून हाती येतो तो फक्त परवाना. एटीआर चालवायचं तर त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, एअरबस चालवायची तर एअरबसचं. सगळा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो.

(दृश्य : शिंदखेडा तालुका, कापसाचं शेत. एका वैमानिकाचे वडील वेचणीला.)

“मना आंडोर विमान चालाडस, आनी मी आठे कापूस येचस.”

(इथे निवेदन नाही. वेचणी चालू.)

(दृश्य : खिडकीकडे तोंड करून बसलेला वैमानिक, चेहरा अंधारात.)

हे त्यांचे चिरंजीव. नाव आणि चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर ते बोलले. त्यांची पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. ती कंपनी जळगावला कधी आलीच नाही. आधी पगार उशिरा होऊ लागला, मग अर्धा, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’. विमानं भाड्याची होती. ज्यांची होती ते घेऊन गेले. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर हे पुन्हा उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेवर आणि यादीच्या तळाशी.

ही यादी म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी. कोणत्या शहरात नेमणूक, दिवाळीत रजा कोणाला, कॅप्टनच्या डाव्या खुर्चीसाठी नंबर कधी, हे बहुतेक विमान कंपन्यांत तिच्यावर ठरतं. वैमानिकाच्या उड्डाणवहीतला तास कुठल्याही कंपनीत उडालेला असो, सरकार तो मोजतं. वरच्या दर्जाच्या परवान्याला १५०० तास लागतात आणि ते तास वैमानिकाबरोबर जातात. ज्येष्ठता मात्र कंपनीबरोबर संपते. म्हणून कंपनी लहान-मोठी असण्यापेक्षा ती टिकणार की नाही, याचीच चिंता वैमानिकाला जास्त असते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. अमेरिकन वैमानिकांचे मोर्चे, हातात फलक.)

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत वैमानिकांची संघटना १९३१ पासून आहे. तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांनी जवळच्या शहरांची उड्डाणं छोट्या प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवायला सुरुवात केली. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, विमानावर रंगही तिचाच, आत मात्र वैमानिक दुसऱ्याच कंपनीचे, कितीतरी कमी पगारावर. हे रोखायला संघटनांनी करारात एक कलम घालून घेतलं. आमच्या कंपनीच्या नावाचं उड्डाण आमच्याच यादीतला वैमानिक करेल, अपवाद फक्त ठरावीक आसनांपर्यंतच्या विमानांचा. त्याला तिकडे ‘स्कोप क्लॉज’ म्हणतात. ही मर्यादा आधी बहुतेक ठिकाणी पन्नास आसनांची होती. पुढे ती वाढत ७६ वर गेली. पगारवाढीच्या बदल्यात, किंवा कंपनी दिवाळखोरीत असताना, आसनं हळूहळू सोडली गेली. आम्ही संघटनांच्या बाजूचे आहोत, तरीही हे बोललं पाहिजे. मोठ्या विमानांच्या वैमानिकांनी छोटी विमानं परक्याच्या हाती जाऊ दिली, आणि त्या छोट्या विमानांत त्यांचेच धाकटे भाऊबंद बसले होते.

डेल्टा या तिथल्या मोठ्या कंपनीच्या मालकीची कॉमएअर ही अशीच एक प्रादेशिक कंपनी. २६ मार्च २००१ रोजी तिचे सुमारे साडेतेराशे वैमानिक संपावर गेले. विमानं ८९ दिवस जमिनीवर होती. वैमानिकांना पगारवाढ मिळाली. डेल्टाने २०१२ मध्ये ती कंपनीच बंद केली आणि तिची उड्डाणं इतरांना दिली.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान कोसळून ५० माणसं गेली. तिकिटं कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीच्या नावाने विकलेली होती. सहवैमानिकेचा तुटपुंजा पगार आणि विश्रांतीचा अभाव चौकशीत पुढे आला, आणि पुढे तिथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट लागली.

(दृश्य : मुंबई विमानतळ, रांगेत उभी विमानं.)

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सने १९९६ मध्ये अलायन्स एअर ही उपकंपनी काढली. एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा, २०२२ मध्ये, अलायन्स सरकारकडेच राहिली. त्याआधी २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या होत्या, पण वैमानिकांचे पगार एक झाले नाहीत. म्हणून २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे पूर्वीच्या एअर इंडियाच्या, वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. त्यांच्या संघटनेची मान्यता काढली गेली आणि शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. तेव्हा वर्तमानपत्रांत लाडावलेले वैमानिक असा सूर होता. समान कामाला समान दाम मागणाऱ्या गिरणी कामगाराला आपण कधी लाडावलेला म्हटलं नव्हतं.

संघटनेने काय होतं, याचं ताजं उदाहरण आठवड्याच्या सुट्टीचं आहे. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. सगळ्यात मोठ्या कंपनीने त्यासाठी पुरेशी तयारी केली नव्हती, म्हणून डिसेंबरात हजारो उड्डाणं रद्द झाली. तो दोष विश्रांती मागणाऱ्यांचा नव्हता.

दहा-वीस वैमानिकांच्या छोट्या कंपनीत मात्र संघटना उभी राहणंच कठीण. विमानाच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने पैसे घातले की वैमानिकाकडून बाँड लिहून घेते. नोकरी सोडायची तर २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सांगायचं. कंपनीने बंद होण्याआधी वैमानिकाला किती दिवस सांगायचं, हे मात्र तो नियम सांगत नाही.

(दृश्य : जळगाव. दोन वैमानिक बॅगा ओढत विमानाकडे चालले आहेत.)

‘उडान’चा मार्ग बोलीने मिळतो. जी कंपनी सरकारकडे सगळ्यात कमी अनुदान मागेल, तिला मार्ग, साधारण तीन वर्षांसाठी. निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा. इंधन, विमानाचं भाडं, देखभाल यांत कंपनीला फारशी काटकसर करता येत नाही. उरतात माणसांचे पगार. बोली जिंकणाऱ्या कंपनीकडून सरकार उड्डाणं चालू ठेवण्याची हमी रक्कम घेतं. तशीच कर्मचाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराची हमी घ्यावी, ही आमची मागणी आहे. आणि मार्ग नव्या कंपनीकडे जाईल तेव्हा त्या मार्गावरच्या वैमानिकांना आधी विचारावं.

शिंदखेड्याच्या कॅप्टनना आम्ही ही मागणी वाचून दाखवली. हो, आता ते कॅप्टन आहेत, तिसऱ्या कंपनीत. त्यांनी एकच भर घालायला सांगितली : पगाराच्या हमीत केबिन क्रू आणि जमिनीवरचे मेकॅनिकही धरा, त्यांच्याकडे तर तासांची वहीसुद्धा नसते.