रिकाम्या गंजाचं वजन

(नागपुरात, महाल भागातल्या एका महिला मंडळात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून. विषय: घरच्या एकत्र स्वयंपाकातल्या आपल्या वाट्याच्या कॅलरी कशा मोजायच्या. गंज म्हणजे आपल्याकडचं पातेलं, गोळाभात म्हणजे भरड डाळीचे गोळे घातलेला भात.)

मैत्रिणींनो, टेबलावरचा गंज बघून मघापासून कुजबुज चालली आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. होय, गोळाभातच आहे. पण तो शेवटी.

चार वर्षांपूर्वी मला आहाराचा कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं: भात १ वाटी, वरण १ वाटी. घरी येऊन वाट्या मांडल्या. सासूबाईंच्या पितळी वाटीत पाणी मावलं २२० मिली, रोजच्या स्टीलच्या वाटीत १५०, आणि लग्नात आलेल्या डझनातल्या वाटीत ११०. धरायची कोणती? त्यात आमचं नऊ माणसांचं घर. माझ्या एकटीसाठी मूठभर डाळीचा वेगळा कुकर कोण लावतं? गंज एकच, जेवणार सगळे, आणि त्यातला माझा वाटा किती, एवढंच मला हवं होतं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी हे सुटायला सहा महिने लागले.

त्या सहा महिन्यांत मी काय करत होते ऐका. ताटातला भात काट्यावर ठेवायचा आणि आकडा लावायचा कच्च्या तांदळाचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी. तोच तांदूळ शिजताना पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो, म्हणजे १०० ग्रॅम भातात उरतात १३०च्या आसपास. मी दोन घास खाऊन पाच घासांचा हिशेब लिहीत होते. भूक माझी, चिडचिड घरच्यांच्या वाट्याला!

पाण्यानं वजन वाढतं, कॅलरी वाढत नाहीत. हे डोक्यात बसलं की उरतं ते चौथीचं गणित. सामान कच्चं असताना मोजा, शिजल्यावर भरलेला गंज मोजा, त्यातून रिकाम्या गंजाचं वजन वजा करा. गोची होते ती इथेच. गंज उतरवल्यावर आठवतं की रिकामा मोजलाच नव्हता. म्हणून मी घरातले सगळे गंज घेऊन इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात गेले. भांड्यावर नाव घालून देतात ना, तसं प्रत्येकाच्या काठाखाली वजन घालून मागितलं. यंत्र हातात धरून तो माणूस विचारतो, "बाई, ११३० हे कोणतं साल जी?"

तर हा ११३० वाला गंज. आज यात तांदूळ घातला ५०० ग्रॅम, गोळ्यांना भरड डाळ २५०, गोळ्यांच्या मोहनात तेल ५०. सुकं धान्य कोणतंही असो, मी १०० ग्रॅमला ३५० धरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते पाहिलेत तर थोडा इकडेतिकडे फरक दिसेल. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, ४.१८ने भागून घ्या. तेल मात्र १०० ग्रॅमला सरळ ९००. म्हणजे धान्याच्या २६२५, तेलाच्या ४५०, एकूण ३०७५. शिजल्यावर गंजासकट वजन भरलं ३१८०. त्यातून ११३० गेले, राहिले २०५० ग्रॅम. भागाकार करा: ग्रॅमला दीड कॅलरी. २५० ग्रॅम वाढून घेतलात तर ३७५. गोळे मात्र मोजूनच वाढा. एकीच्या ताटात पाच आणि दुसरीच्या ताटात एक, असं झालं तर हा दीडचा आकडा दोघींनाही लागू नाही.

आता ही बाजूची छोटी कढई. हिच्यात मोहरी-लाल मिरचीची फोडणी, जी वरून घेतल्याशिवाय आपल्याकडे गोळाभात घशाखाली उतरत नाही. हे तेल मी गंजात मुद्दाम धरलं नाही. १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १२० कॅलरी. दोन चमचे घेतले की २४०. भात ३७५चा आणि वरची धार २४०ची! आमच्या घरात भाताला दोष देणारे सगळे धारवाले निघाले.

पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्यात तर काटाही फसतो. तेल वर तरंगतं. पहिला डाव ज्याच्या वाटीत, तर्री त्याच्याकडे. शेवटी जेवणाऱ्या सुनेकडे नुसतं मसाल्याचं पाणी. वजन दोघांचं सारखं, कॅलरी मुळीच नाही. वाढण्याआधी रस्सा तळापासून ढवळा, नाहीतर तर्री वेगळ्या वाटीत काढून चमच्यानं घ्या. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळाल तेव्हा कढई तेलासकट आधी मोजा, गार झाल्यावर पुन्हा मोजा. जेवढं कमी भरलं, तेवढं ढोबळमानानं वड्यांनी प्यायलं. गरम कढई काट्यावर ठेवू नका. माझा पहिला काटा तसाच गेला.

पोळ्यांना काटा लागतच नाही. ५०० ग्रॅम कणकेच्या १८ झाल्या तर पोळीला जवळजवळ १००, तूप वेगळं.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक पन्नास पानांचा. तो गंज पाच किलोच्या काट्यावर कसा चढणार? तेव्हा प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घ्या, गंज गार असताना कडीला अडकवा, दोघींनी मिळून उचला. ते जमत नसेल तर ढवळून एक डाव भाजी मोजा, आणि रिकाम्या पातेल्यात काढता काढता डाव मोजत जा. शिळ्या भाताला दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारलात तर कालचा दीडचा आकडा चालणार नाही. रात्री किती ग्रॅम उरला ते लिहून ठेवा आणि त्यातला पाव घ्यायचा की अर्धा, ते ठरवा.

मागून विचारताहेत, चव बघताना पोटात जातं त्याचं काय? मी लिहीत नाही. नाही, खरवडही नाही लिहीत, ती माझी.

चला, रांगेत या. गोळे प्रत्येकीला दोन. फोडणीचा चमचा मात्र माझ्या हातात राहील.