सिकलसेल, डेल्टा आणि एक बदललेलं अक्षर

नमस्कार मंडळी. आज जीन्सबद्दल, म्हणजे जनुकांबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी लांब कुठे जायला नको, आपल्याकडचीच उदाहरणं पुरेत.

गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत मी सिकलसेलची, म्हणजे आईवडलांकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची तपासणी बघायला गेले होते. पोरं रांगेत उभी, बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि जरा वेळाने नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं, रेघा स्वच्छ दिसल्या की निगेटिव्ह. एका मुलीची नळी गढूळ झाली, रेघा दिसेनात, तर ती रडवेली होऊन विचारते, "मॅडम, मी काय केलं?"

अहो, तिने काहीच केलं नव्हतं! तिच्या आईबापानेही नाही. आपल्या डीएनएमध्ये, म्हणजे शरीराच्या सूचनांच्या मजकुरात साधारण 300 कोटी अक्षरं असतात, त्यात 11व्या क्रोमोसोमवर (डीएनएच्या गुंडाळीवर) हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं, ए च्या जागी टी, बस्स. ज्याच्याकडे असे दोन जीन असतात, एक आईकडून एक वडलांकडून, त्याची लालपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हातपाय असे ठणकतात की पोर रात्रभर झोपत नाही. साधी लालपेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी.

मग इतकं वाईट अक्षर टिकलं कसं? मलेरियामुळे. एकच बदललेला जीन असला तर माणूस वाहक, त्याला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो, त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जास्त जगले. पण आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के, दर वेळी नव्याने. "पहिल्याला झालं, आता दुसऱ्याला नाही होणार" असं म्हणतात ना, ते साफ चूक आहे.

आता व्हायरस. कोरोनाचा मजकूर जेमतेम 30 हजार अक्षरांचा, आणि तो एका माणसात अब्जावधी कॉप्या काढतो, कॉपी करताना चुका होतात, बहुतेक चुका वाया जातात, एखादीच त्याच्या कामाला येते. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत "डबल म्युटंट", म्हणजे दोन बदलांचा कोरोना सापडल्याची बातमी आठवते? त्याच घराण्यातला डेल्टा हा कोरोनाचा प्रकार. त्याच्या अंगावरच्या काट्यांसारख्या स्पाइक प्रोटीनमध्ये 681व्या जागेवर एक बदल होता, त्याने स्पाइक लवकर कापला जातो आणि व्हायरसला पेशीत शिरणं सोपं जातं. तोही एकाच अक्षराचा बदल. लोक म्हणायचे व्हायरस हुशार झाला, पण त्याला डोकं नसतं हो, जी चुकलेली कॉपी जास्त पसरली ती उरली, एवढंच. माणसात ह्याला शेकडो पिढ्या लागतात, व्हायरसला काही महिने पुरले.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. गढूळ नळीवरून वाहक की आजारी हे कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. तिचा रिपोर्ट आला, एएस, म्हणजे वाहक. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "वाहक म्हणजे मी काय वाहून नेते?" मी म्हटलं, एक अक्षर. पुढच्या तपासणीला ती धाकट्या भावाला हाताला धरून घेऊन आली.