सुताच्या काट्यावर फुटबॉल

[दृश्य: संध्याकाळ. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. मागांची खटखट आधी ऐकू येते, चित्र मागून.]

या गल्लीत हळू बोलून चालत नाही. माग चालू असताना शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं. त्यामुळे इथला एक जुना वाद साऱ्या गल्लीला पाठ झालाय. पेले मोठा, मारादोना मोठा, की मेस्सी?

एका बाजूला आप्पा, जुन्या खेळाडूंचे, त्यातही पेलेचे. वय ऐंशीच्या घरात. आधी हातमागावर बसले, मग यंत्रमागावर उभे राहिले. दुसऱ्या बाजूला त्यांचा नातू, नववीतला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, म्हणून आजोबांना तो ‘ताता’ म्हणतो. अंगात अर्जेंटिनाचा टीशर्ट, पाठीवर दहा नंबर.

नातवाकडे आकडे तोंडपाठ. “मेस्सीचे आठ बॅलन डी’ओर आहेत, ताता. पेलेचं एक पण नाही, मारादोनाचं पण नाही. संपला की विषय!”

आकडा बरोबर आहे. पण १९९५च्या आधी वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा हा पुरस्कार फक्त युरोपीय देशांच्या खेळाडूंना मिळायचा. ब्राझीलचा पेले आणि अर्जेंटिनाचा मारादोना, दोघंही या रांगेत उभेच राहू शकत नव्हते. १९९५ साली दार उघडलं आणि त्याच वर्षी तो लायबेरियाच्या जॉर्ज वेआला मिळाला. तोवर पेलेला खेळ सोडून अठरा वर्षं झाली होती. पुढे दोघांना सन्मान म्हणून काही दिलं गेलं, ती गोष्ट वेगळी.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर जुना कृष्णधवल सामना.]

आता हे बघा. १९६६चा वर्ल्ड कप, इंग्लंड, गुडिसन पार्क. ब्राझील विरुद्ध पोर्तुगाल. पहिल्याच सामन्यात बल्गेरियाच्या खेळाडूंनी पेलेला इतकं तुडवलं होतं की दुसरा सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. तिसऱ्याला तो उतरला, आणि पोर्तुगालच्या बचावपटूनं एकाच हल्ल्यात त्याला दोनदा आडवा केला. पाडणारा मैदानातच राहिला. पिवळं आणि लाल कार्ड वर्ल्ड कपमध्ये आलं ते १९७० साली. बदली खेळाडूसुद्धा त्याच साली. त्यामुळे १९६६च्या त्या सामन्यात पेलेला दोनच मार्ग होते: बाहेर जाऊन संघ दहा जणांवर आणायचा, नाहीतर लंगडत आत उभं राहायचं. तो लंगडत उभा राहिला. ब्राझील ३-१ हरला आणि वर्ल्ड कपमधून बाहेर पडला.

आणि आप्पांची बाजू घेताना एक गोष्ट मी लपवणार नाही. ‘पेलेचे तीन वर्ल्ड कप’ असं आपण एका दमात म्हणतो, पण १९६२ साली तो दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. तो कप ओढून आणला त्याच्या संघातल्या गारिंचानं. तरीसुद्धा १९५८च्या फायनलमध्ये सतरा वर्षांच्या पोरानं स्वीडनवर दोन गोल मारले, हे कुठल्याही काळात ठेवून बघा, छाती दडपतेच. आणि ब्राझीलसाठी त्याचे ७७ गोल ९२ सामन्यांतले. २०२३ साली ब्राझीलच्याच नेमारनं तो आकडा ओलांडला तेव्हा त्याला सव्वाशे सामने लागले होते.

मारादोनाचीही तीच गत. १९८२ साली इटलीविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याच्यावर २३ फाऊल झाले. इटलीचा क्लॉडिओ जेंटिले नव्वद मिनिटं त्याला चिकटून होता. त्याचा शर्ट ओढत होता, पायावर पाय देत होता. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये मागून आलेल्या एका टॅकलनं त्याचा घोटा मोडला. मागून पाय घालणाऱ्याला थेट बाहेर काढायचं, हा कडक हुकूम पंचांना मिळाला १९९८च्या वर्ल्ड कपला. म्हणजे मेस्सी जेमतेम अकरा वर्षांचा होता तेव्हा.

[दृश्य: मागाच्या कट्ट्यावर दोघं बसलेले. मधे मोबाईल.]

एकदा नातवानं दोन गोल लागोपाठ लावले. पहिला २२ जून १९८६चा, मेक्सिकोतल्या अझ्टेका मैदानातला. मारादोना आपल्या अर्ध्या भागात चेंडू घेतो, गिरकी मारतो आणि इंग्लंडची माणसं मागे टाकत, गोलकीपर शिल्टनलाही चकवून चेंडू आत ढकलतो. दुसरा १८ एप्रिल २००७चा, बार्सिलोना विरुद्ध हेटाफे, दोन्ही स्पेनचे क्लब. एकोणीस वर्षांचा मेस्सी. तीच उजवी बाजू, जवळजवळ तीच वाट. गोलकीपरला चुकवून आत.

नातू म्हणाला, “सेम टू सेम आहे की नाही, ताता?”

आप्पांनी मोबाईल हातात घेतला. पहिला गोल परत लावायला सांगितला. “चेंडूकडं नको बघूस बे. गवताकडं बघ.”

आम्ही गवताकडे बघितलं. १९८६च्या त्या मैदानात चेंडू प्रत्येक स्पर्शानंतर जरासा उडतो. मारादोनाचा डावा पाय त्याला दर वेळी परत खाली बसवतो. मेस्सीचा चेंडू सपाट, हिरव्यागार गवतावरून गुळगुळीत पळतो. पण मेस्सीचा वेग बघा, आणि त्याला अडवायला येणाऱ्यांचाही. ते दमलेले नाहीत, बेसावध नाहीत. १९८६चे बचावपटू एवढ्या झपाट्यानं अंगावर येत नव्हते, हे आप्पांनीसुद्धा मान्य केलं.

मग ते मागाबद्दल बोलले. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, धोटा हातानं फेकायचा. धागा तुटला की थांबायचं, सांधायचं, पुन्हा सुरू. यंत्रमागावर दिवसाला कितीतरी जास्त चादरी निघतात. “म्हणून मी माझ्या बापापेक्षा मोठा विणकर झालो का? त्याच्या मागावर मला बसवलं तर त्याच्या निम्मं पण झालं नसतं माझ्याच्यानं. आणि माझे चार माग एकदम सांभाळायला त्याला पण जड गेलं असतं.”

मला हा हिशेब पटतो. गावसुद्धा तो विसरलंय, म्हणून वाईट वाटतं. क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांचं बालपण या सोलापुरात गेलं. १९६२ साली ते कसोटीतून निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक शतकं त्यांचीच होती: बारा. आज ‘बारा शतकं’ म्हटलं तर पोरं मान वर करून बघत नाहीत.

त्याच १९६२ सालातली एक गोष्ट आप्पांनी नातवाला त्या दिवशी सांगितली. जकार्ताचे आशियाई खेळ. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला भारताचा फुटबॉल संघ, कप्तान चुनी गोस्वामी. पंजाबचा जर्नैल सिंग हा खरा बचावपटू. डोक्याला मार लागून टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला आणलं. पट्टी बांधून तो दक्षिण कोरियाविरुद्ध फायनल खेळला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नैलचा. भारत २-१. सोनं.

सुनील छेत्रीचे देशासाठी नव्वदहून जास्त गोल आहेत, आणि ते त्यानं वीस वर्षं घाम गाळून मिळवलेत. चुनी गोस्वामी तिशीच्या आत, १९६४ साली, आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडून मोकळे झाले. दोघांचे गोल एका ओळीत लिहून वजाबाकी करायची, याला मी तुलना म्हणत नाही.

[दृश्य: माळ्यावरून काढलेला जुना चामड्याचा चेंडू. दोरीची शिवण. जवळून.]

शेवटी आप्पांनी माळ्यावरून एक चेंडू काढायला लावला. चामड्याचा, तोंडाशी बुटाच्या लेससारखी दोरी ओवलेला. चामडं कडक झालेलं, रंग चहासारखा. नातवानं पंपानं हवा भरली. मग सुताच्या काट्यावर, जिथे कांड्यांचं सूत तोलतात तिथे, एका पारड्यात चेंडू ठेवला, दुसऱ्यात वजनं. काटा मधे आला.

नियम सांगतो, सामना सुरू होताना चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा हवा. सुरू होताना. पाऊस पडल्यावर तो किती होतो, ते नियम विचारत नाही. चामडं पाणी पितं, आजचा कृत्रिम कातड्याचा चेंडू पीत नाही. वर्ल्ड कपला पूर्ण कृत्रिम चेंडू पहिल्यांदा आला तो मारादोनाच्याच १९८६ साली.

आप्पांनी चेंडू बादलीत बुडवला. बराच वेळ हातानं दाबून धरला. मग ओलाच पुन्हा पारड्यात टाकला. पारडं खाली जाऊन बसलं. आप्पांनी समोर शंभराचं वजन ठेवलं. पारडं हललं नाही. आणखी एक ठेवलं.

नातवानं तो चेंडू उचलला आणि अंगणात वर फेकला. खाली आला तेव्हा डोक्यानं मारला. भिजलेलं पोतं जमिनीवर पडावं तसा आवाज झाला. चेंडू हातभर पुढे जाऊन पडला. पोरगं कपाळ चोळत तिथंच उभं राहिलं. कपाळावर दोरीचा वळ उमटला होता.

“ताता,” तो म्हणाला, “त्या जर्नैलच्या डोक्याला टाके होते म्हणालात ना तुम्ही?”

“होते की.”

त्यानं चेंडू पुन्हा उचलला.

[दृश्य: अंगण. ओला चेंडू वर जातो. मागांची खटखट चालू.]